स्वयंपाकघराची फरशी बदलताना

सासूबाई अजूनही खाली बसून विळीवर भाजी चिरतात. त्यामुळे फरशी कुठे खचली आहे, कुठली टाइल हलते, कुठे पाणी साचतं, हे ओट्याशी उभ्या असणाऱ्या आम्हा बाकीच्यांपेक्षा त्यांना आधी कळायचं. विळी डुगडुगायला लागली की त्या पाट जरा सरकवून घ्यायच्या. असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात सिंकपुढच्या सांध्यांतून मुंग्यांची रांग निघाली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या छताला आलेला ओलसर डाग दाखवायला आम्हाला घरी बोलावलं. त्यानंतर मात्र टाळाटाळ करण्यात अर्थ नव्हता.

आमचं घर पुण्यात, ऐंशीच्या दशकातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर ८ फूट बाय १० फूट, एका लांब भिंतीला ओटा, टोकाला ड्राय बाल्कनीचं दार, जमिनीला दहा इंची करडी मोझॅक. त्या काळच्या हजारो फ्लॅट्समध्ये हेच सापडेल, म्हणून हेच उदाहरण धरून लिहिते. टाइल बसवायचं काम आम्ही केलं नाही, ते मिस्त्रीचं. पण तपासणी, मोजणी, आखणी, राडारोडा भरणं, सांधे भरणं हे सगळं घरच्यांनी केलं. टाइल बसवणं हा यातला दोन दिवसांचा भाग आहे. फरशी बिघडते ती खालून, आणि खालच्या कामावर लक्ष ठेवायला घरच्या माणसाइतकं चिकट कोणी नसतं.

आधी ठोकून बघा

दुकानात जायच्या आधी एक रविवार फरशीला द्या. लाटण्याच्या टोकानं प्रत्येक टाइलच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर हलकेच ठोका. घट्ट बसलेली टाइल टणक वाजते, खाली पोकळी असली की बद्द वाजते. चिरलेलं मडकं कानाला जसं कळतं तसंच हे कळतं, त्यासाठी मिस्त्री लागत नाही. बद्द टाइलवर खडूनं फुली मारायची. आमच्या मुलानं हे काम फार मन लावून केलं. दिसणाऱ्या नव्वदेक टाइल्सपैकी ३४ वर फुल्या पडल्या.

फुल्या किती यापेक्षा कुठे आहेत ते बघा. सगळीकडे विखुरलेल्या असतील आणि जमीन कोरडी असेल, तर खालचा वाळू-सिमेंटचा थर भुसभुशीत झालेला असतो. सिंक, मोरी किंवा ड्राय बाल्कनीजवळ दाटी असेल, तर पाणी मुरतंय असं समजा. आमचं तसंच होतं. सरळ रेषेत फुल्या आल्या किंवा एकच तडा पाच-सहा टाइल्स ओलांडून गेला असेल, तर खाली जुनी पाइपलाइन असू शकते किंवा स्लॅबचंच काही दुखणं असू शकतं. स्लॅबची शंका आली तर मिस्त्रीच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

गळती शोधायची सोपी युक्ती म्हणजे रात्री झोपताना सिंकखालच्या प्रत्येक जोडाभोवती कोरडं वर्तमानपत्र गुंडाळून ठेवायचं. सकाळी जिथला कागद ओला, तिथे दुखणं. जमिनीखालून ओल येते का हे बघायला जाड प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवायचं आणि मग उचलून आतल्या बाजूला थेंब जमलेत का ते पाहायचं. तळमजल्यावरच्या घरात ही चाचणी चुकवू नका. तिथे जोत्यातून ओल चढत असेल, तर कितीही महाग टाइल लावा, सांध्यांत पांढरा क्षार फुटत राहतो.

आणि एक कबुली. फरशी फक्त काळवंडली असेल, खड्डे पडले असतील, पण ठोकल्यावर टणक वाजत असेल, तर ती बदलू नका. मोझॅकला मशीनचं पॉलिश करून घ्या. दगडाचे दाणे पुन्हा उजळतात आणि खर्च फारच कमी. आमच्या हॉलमध्ये आम्ही तेच केलं.

उकरायची की वरच बसवायची

जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवून द्या, असं हल्ली निम्मे लोक सुचवतात. धूळ नाही, राडारोडा नाही, शेजाऱ्यांच्या तक्रारी नाहीत. जुनी फरशी सगळीकडे टणक वाजत असेल आणि गळती नसेल, तर हा मार्ग वाईट नाही. जुन्या पृष्ठभागावर छिन्नीनं टाचे मारून तो खरबरीत करून, तेलकटपणा पूर्ण धुऊन, टाइलवर टाइल बसवण्यासाठीचाच टाइल ॲडेसिव्ह वापरायचा.

पण जमीन तेरा ते पंधरा मिलिमीटर वर येते, हे कागदावर लिहून घरभर फिरा. दार खालून तासावं लागेल का? ओट्याखालच्या ट्रॉल्या उघडतील का? फ्रिजवर फळी असेल, तर फ्रिज मावेल का? हॉलमधून आत येताना ठेच लागेल असा उंचवटा होईल का? घरात वयस्कर माणूस असेल, तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. ड्राय बाल्कनी मात्र खाली राहते, ते उलट बरंच.

आमच्याकडे ३४ बद्द टाइल्स आणि गळती, त्यामुळे उकरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सडक्या दातावर कॅप बसवून चालत नाही.

कुठली फरशी

मराठी स्वयंपाकघराची परीक्षा कठीण असते. हळद, तेल, चिंचेचा कोळ, कोकम, लिंबू, हातातून निसटणारा खलबत्त्याचा दस्ता आणि दिवसातून दोनदा ओलं फडकं.

शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड. शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातला. पायाला गार, घसरायला कमी, वर्षानुवर्षं टिकणारे, आणि कोट्याला पुन्हा पॉलिश करता येतं. पण चुनखडी आंबटाला भिते. लिंबाचा रस किंवा चिंचेचं पाणी सांडून राहिलं की पॉलिश उडून पांढुरका डाग पडतो. ॲसिडनं जमीन धुण्याची सवय असलेल्या घरात तर हे दगड नकोतच. गावाकडे मोठं घर असतं, तर मी डोळे मिटून कोटा घेतला असता. फ्लॅटमध्ये त्याची जाडी, वजन आणि जागेवर होणारं पॉलिशचं चिखलपाणी झेपत नाही.

टाइल्समध्ये सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड हा फरक समजून घ्या, कारण पुढे चिकटवायची पद्धत त्यावर ठरते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते. साधी सिरॅमिक कितीतरी जास्त. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात, तेव्हा नावाच्या मोठेपणापेक्षा खोक्यावर काय छापलंय ते वाचा. भिंतीची टाइल स्वस्त पडते म्हणून जमिनीला लावू नका. ती तेवढी वजनं सोसत नाही.

चकचकीत टाइल स्वयंपाकघरात नकोच. दुकानात तिच्यावर थोडं पाणी ओतून चप्पल काढून उभं राहा. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो आणि त्यांनी तीन टाइल्स पायानंच नापास केल्या. घसरण मोजणारं आर ९ ते आर १३ असं एक मापन असतं. घरच्या स्वयंपाकघराला आर १० पुरतं. त्याहून खरखरीत घेतली, तर तेलाचा चिकटा तिच्या खाचांत बसतो आणि घासून हात मोडतात. आम्ही ६०० बाय ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटी, मॅट व्हिट्रिफाइड घेतली. रंग पाणी घातलेल्या ताकासारखा. पांढऱ्याशुभ्र जमिनीवर प्रत्येक केस दिसतो, काळ्यावर प्रत्येक पिठाचा कण.

मोजणी, जिथे सगळे चुकतात

दुकानदार विचारतो, "किती स्क्वेअर फूट?" तुम्ही म्हणता ८०. तो दहा टक्के जास्त धरून ८८ करतो. दोन फुटी चार टाइल्सच्या खोक्यात साडेपंधरा चौरस फूट असतात, म्हणजे सहा खोकी. हिशोब बरोबर दिसतो. पण टाइल्स चौरस फुटांत बसत नाहीत, रांगांत बसतात. म्हणून खोलीचा नकाशा मिलिमीटरमध्ये काढा.

८ फूट म्हणजे २४३८ मिलिमीटर. ६०० च्या चार टाइल्स आणि मधले २ मिलिमीटरचे तीन सांधे मिळून होतात २४०६. उरले ३२. म्हणजे एका कडेला बोटभर रुंदीची पट्टी! अशी पट्टी दिसायला वाईट आणि सगळ्यात आधी निखळणारी. आमचं नशीब चांगलं, कारण या बाजूला ओटा आहे. समोरच्या भिंतीकडून अख्ख्या टाइलनं सुरुवात केली आणि ती पट्टी ओट्याखालच्या अंधारात, भिंतीला चिकटून गेली.

दुसरी बाजू १० फूट, म्हणजे ३०४८ मिलिमीटर. पाच टाइल्स लावल्या तर पुन्हा ४० मिलिमीटर उरतात, आणि इथे दोन्ही टोकांना दारं, लपवायला जागा नाही. मग मध्ये चार अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही टोकांना साधारण ३१४ मिलिमीटरचे सारखे तुकडे असं बसवलं. भिंतींना सोडलेली ५ मिलिमीटरची फट यात धरली आहे. तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा जरासा मोठा, त्यामुळे एका टाइलमधून एकच निघतो. म्हणजे सहा टाइल्सच्या चार रांगा, एकूण २४. सहा खोक्यांत बरोबर २४ टाइल्स येतात, म्हणजे एकही फुटली तर पंचाईत! म्हणून सात खोकी घेतली. टोकाच्या आठ टाइल्स कापून उरलेल्या भागांतून ओट्याखालची पट्टी निघाली आणि भिंतीच्या पायाशी लागणारं चार इंची स्कर्टिंगही त्यातूनच झालं, वेगळी टाइल लागली नाही. शेवटी तीन टाइल्स उरल्या, त्या माळ्यावर आहेत.

सगळी खोकी एकाच बॅचची आणि एकाच शेडची आहेत का, हे टेम्पोतून उतरवतानाच बघा. आमच्या सातातलं एक खोकं वेगळ्या बॅचचं निघालं. दिव्याखाली फरक कळत नव्हता, बाल्कनीच्या उजेडात लगेच कळला. बदलून मिळालं, पण दोन दिवस गेले.

मिस्त्री आणि सोसायटी

दर चौरस फुटावर सांगतात. त्या दरात काय आहे ते विचारा आणि कागदावर लिहा. जुनी फरशी फोडणं, राडारोडा खाली उतरवणं, तो हलवणं, स्कर्टिंग, उंबऱ्याचा दगड, सांधे भरणं, बिगाऱ्याची मजुरी. यातलं जे लिहिलेलं नसेल, ते नंतर "वेगळं होईल" म्हणून समोर येतं. पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा टप्पा टाइल्स ठोकून बघितल्यावर. आमच्या मिस्त्रीला ही अट आधी सांगितली तेव्हा तो हसला, पण रागावला नाही. चांगल्या कारागिराला याचं काही वाटत नाही.

फरशीकाम करणारे बरेच कारागीर राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारकडचे. होळीला आणि छठला ते गावी जातात. गणपती आणि दिवाळीच्या आधीचे आठवडे सगळ्या गावालाच घरं लखलखीत करायची असतात. म्हणून आम्ही जानेवारीचा मध्य धरला. हवा कोरडी, मिस्त्री मोकळा.

सोसायटीला लेखी कळवा. कामाच्या वेळा, राडारोडा ठेवायची जागा, लिफ्टमधून गोण्या न्यायच्या की नाही, अनामत रक्कम, प्रत्येक सोसायटीचे नियम निराळे. खालच्या मजल्यावर मात्र पत्र न पाठवता स्वतः जा. पुढे त्यांचीच मदत लागणार आहे.

स्वयंपाकघर हलवणं

मिस्त्री म्हणेल तीन दिवस. तुम्ही दोन आठवडे धरा. आमचे नेमके चौदा झाले.

हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर इंडक्शन, एक कुकर, एक कढई, एक पातेलं, पोळपाट-लाटणं आणि मिसळणाचा डबा एवढंच ठेवलं. बाकी सगळं खोक्यांत, आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते. कडधान्याचे डबे नीट बंद करून आतल्या खोलीत न्या, कारण फोडकामाची धूळ झाकणाखालूनही शिरते. देव्हारा आधी हलवा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर हवेशीर जागी ठेवा. पाइपचा गॅस असेल, तर ती नळी सरकवायला कंपनीचाच माणूस बोलवा, मिस्त्रीनं कितीही आत्मविश्वास दाखवला तरी. हॉलच्या दाराला ओली चादर टांगली, ती दिवसातून दोनदा पिळली, आणि तरीही टीव्हीवर बोटानं नाव लिहिता येत होतं.

फोडणं

आधी ओट्याच्या उभ्या कडाप्प्यांभोवती आणि दाराच्या चौकटीशी कटरनं रेघ मारून घ्यायची, म्हणजे हादरा पुढे जात नाही. कडाप्प्याच्या आधाराखालची फरशी उकरायची नाही, वरचा सगळा ओटा त्याच्यावर उभा आहे. मग बद्द टाइलपासून सुरुवात करायची. एक निघाली की छिन्नी आडवी धरून बाकीच्या पापुद्र्यासारख्या सुटतात. मोठा ब्रेकर लावू देऊ नका. जुन्या इमारतीचा स्लॅब फार जाड नसतो आणि तो फक्त तुमचा नाही, खालच्यांचं छतही तोच आहे. छोटा ब्रेकर, तोही तिरका धरून, पुरे.

डोळ्यांना चष्मा, नाकाला नीट बसणारा मास्क, पायात बूट. बिगाऱ्यालाही द्या, तो नको म्हणेल तरी. दगड-सिमेंटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची राहते. टाइल कापतानाही पाणी सोडूनच कापायला लावा.

राडारोड्याचा अंदाज सगळ्यांचा चुकतो. आमची मोझॅक आणि खालचा थर मिळून जाडी तीन इंच होती. ८० चौरस फुटांचा हिशोब केला तर हे साधारण अर्धा घनमीटर आणि वजन टनभर. पंचवीस-पंचवीस किलोच्या चाळीसेक गोण्या! गोणी अर्धीच भरा, नाहीतर जिन्यात फाटते. हा राडारोडा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकता येत नाही, नदीकाठी तर नाहीच. महापालिकेनं नेमलेल्या जागी न्यायचा, आणि ते टेम्पोवाल्याशी ठरवतानाच स्पष्ट बोलायचं.

उघडा स्लॅब

जमीन उघडी पडली की सगळ्यांना घाई होते. इथेच थांबायचं असतं. आम्ही या टप्प्याला चार दिवस दिले.

स्लॅब झाडून, धुऊन, वाळू द्या. गंजकी सळई दिसतेय का, तडा आहे का, बघा. जुन्या इमारतीत जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या लोखंडी नळ्या असतील, तर हीच वेळ. आमच्या सिंकच्या नळीचा एक वाकडा तुकडा हातात घेतल्यावर चुरगळला. मुंग्या, बद्द टाइल्स, काकूंच्या छतावरचा डाग, सगळ्याचं मूळ ते. नवी सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या नळ्यांची, लाइन टाकली, पाणी दाबानं सोडून एक रात्र तशीच ठेवली आणि सकाळी सगळे जोड कोरडे पाहूनच पुढे गेलो. नळ्यांचे फोटो काढताना शेजारी टेप उघडून ठेवा, भिंतीपासून अंतर फोटोतच दिसतं. पुढे कधी ड्रिल मारायची वेळ आली तर हे फोटो सोन्याचे.

सिंकखाली आणि बाल्कनीच्या दाराशी वॉटरप्रूफिंग करून घ्या. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, आणि भिंतीवर फूटभर वर चढवून. वाळल्यावर कडेला मालाची छोटी पाळ घालून दोन इंच पाणी ४८ तास साठवायचं. या दोन दिवसांत खालच्या काकूंनी चार वेळा छत पाहिलं. म्हणूनच म्हटलं, स्वतः जाऊन भेटा.

लेव्हल आणि मालाचा थर

लेव्हलसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून घ्या, आत बुडबुडा राहू देऊ नका. नळीचं एक टोक दाराशी, दुसरं खोलीभर फिरवत भिंतींवर एकाच उंचीच्या खुणा करायच्या. आता प्रत्येक खुणेपासून स्लॅबपर्यंत टेप लावा. आमच्याकडे दोन कोपऱ्यांत पाऊण इंचाचा फरक निघाला. तो मालाच्या थरात भरायचा असतो, टाइलखालच्या ॲडेसिव्हमध्ये नाही. नव्या फरशीची अंतिम उंची हॉलच्या फरशीवरून ठरवा आणि तिथून टाइलची जाडी, ॲडेसिव्ह, मग थर असं उलटं मोजत खाली या.

उतार किती द्यायचा यावर घरोघरी वाद होतो. खूप दिला तर फ्रिजचं दार आपोआप उघडतं, दिलाच नाही तर पुसायचं पाणी ओट्याखाली जाऊन बसतं. आम्ही बाल्कनीकडे १० फुटांना अर्धा इंच ढाळ दिला. जुन्या पद्धतीची मोरी आत असेल, तर एक इंच द्या.

स्लॅब ओला करून त्यावर सिमेंटची पातळ स्लरी, आणि ती ओली असतानाच एकास चार सिमेंट-वाळूचा थर. माल फार पाणचट नको. मुठीत दाबला तर लाडवासारखा वळला पाहिजे. आधी ठिय्ये, म्हणजे लेव्हल दाखवणारे मालाचे छोटे ठोकळे, घालून मग ॲल्युमिनियमच्या पट्टीनं मध्ये भरलेला माल ओढून घ्यायचा. सरासरी ४० मिलिमीटर जाडीला आम्हाला तीन गोणी सिमेंट आणि बारा घनफूट वाळू लागली. जुनी जमीन जाड होती म्हणून नवीही तितकीच जाड भरू नका. जमेल तितका भार कमी केलेला बरा.

मग पाणी मारणं. थर दुसऱ्या दिवशी दगडासारखा वाटतो आणि मिस्त्री टाइल लावायला निघतो. त्याला थांबवा. ओलं गोणपाट टाकून दिवसातून तीनदा पाणी, आम्ही पाच दिवस मारलं. ही ड्यूटी सासऱ्यांकडे होती आणि त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं वेळांची नोंद ठेवली.

टाइल बसवणं

सुरुवात कोरड्या मांडणीनं. टाइल्स नुसत्या ठेवून, स्पेसर, म्हणजे सांधा सारखा ठेवणारे प्लास्टिकचे छोटे तुकडे, घालून दारातून आणि ओट्यावरून बघा. काटकोनासाठी लाइनदोरी धरून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजा. तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोन सरळ. भिंतीवर विश्वास ठेवू नका, जुन्या घरांच्या भिंती क्वचितच गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात.

मिस्त्रीशी आमचा एकच खरा वाद झाला, तो चिकटवण्यावरून. सिमेंटच्या स्लरीवर टाइल ठोकून बसवायची त्याची सवय. शहाबादी, कोटा, मोझॅक यांना ते छान चालतं, कारण ते दगड पाठीनं पाणी ओढतात आणि सिमेंट आत धरतं. व्हिट्रिफाइड पाणी ओढतच नाही. सिमेंट तिच्या पाठीला नुसतं टेकून राहतं आणि वर्षा-दोन वर्षांत बद्द वाजायला लागतं. म्हणून ॲडेसिव्ह. गोणीवर आयएस १५४७७ हे मानक आणि खाली प्रकार छापलेला असतो. व्हिट्रिफाइडला कुठला प्रकार चालतो ते गोणीवरच वाचा, सर्वांत स्वस्त गोणी सहसा साध्या सिरॅमिकपुरती असते. आम्हाला २० किलोच्या अडीच गोण्या लागल्या.

टाइलची पाठ आधी ओल्या फडक्यानं पुसा. भट्टीतून आलेली पांढरी भुकटी तिथे असते आणि चिकटण्याच्या आड येते. पाठीवर बाण असतील, तर ते सगळे एकाच दिशेला. टाइल पाण्यात भिजवायची नाही. ॲडेसिव्ह एका वेळी पाच-सहा टाइल्सपुरता कालवा. दातेरी थापीनं जमिनीवर सरळ रेघा ओढा, टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्या, ठेवा, थोडं मागेपुढे सरकवा, रबरी हातोड्यानं बसवा. पहिल्या रांगेतली एक टाइल लगेच उचलून बघायला सांगा. पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली हवी, कोपरे तर नक्कीच. आमच्या पहिल्या टाइलचे दोन कोपरे कोरडे निघाले. मिस्त्री काही बोलला नाही, पण पुढच्या प्रत्येक टाइलला त्यानं पाठीवर हात दिला. पाच ठिपके टाकून टाइल ठेवणाऱ्याला तिथेच थांबवा.

सांधा किमान २ मिलिमीटर ठेवा. "जॉइंटलेस करून देतो" ही शेखी ऐकू नका. टाइल आणि स्लॅब ऊन-थंडीनं आकसतात, प्रसरतात. जागाच नसली तर टाइल्स एकमेकींना ढकलत मध्येच तंबूसारख्या उचलतात, कधीकधी फटाक्यासारखा आवाज करून. भिंतीशीही ५ मिलिमीटरची फट मोकळी ठेवायची, स्कर्टिंग ती झाकतं. स्कर्टिंगचा कापलेला काठ खाली, कारखान्याचा काठ वर.

संध्याकाळी खोलीचं दार बंद, आणि दाराबाहेर आडवा पाट. आमच्याकडे मांजर नाही, पण मुलगा आहे.

सांधे

२४ तासांनी स्पेसर काढून सांधे ब्रशनं झाडले आणि हे काम मी आणि नवऱ्यानं केलं. सांध्यांत भरायचा माल म्हणजे ग्राउट. सिमेंटचं ग्राउट भरायला सोपं, पण वर्षभरात हळदीनं पिवळं आणि नंतर काळं होतं. इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट, महाग, पण डाग धरत नाही. आम्ही इपॉक्सी घेतलं. त्याची अट एकच, कालवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट व्हायला लागतं. थोडंथोडं कालवा, रबरी पट्टीनं सांध्यात तिरकं दाबा आणि वर राहिलेला थर लगेच ओल्या स्पंजनं पुसा. एकानं भरायचं, दुसऱ्यानं मागोमाग पुसायचं. आम्ही बाल्कनीच्या दाराशी चहा प्यायला थांबलो, तो वीतभर पट्टा आजही धुरकट आहे. ॲसिडनं पुसायचा मोह झाला होता, पण त्यानं नळाचं निकेल जातं.

नंतर

चालायला दुसऱ्या दिवशी हरकत नाही. ट्रॉल्या, फ्रिज, धान्याची पिंपं सात दिवसांनी. फ्रिज ओढत आणू नका, खाली जुनी सतरंजी घालून सरकवा. शेवटचे पैसे द्यायच्या आधी पुन्हा लाटणं घेऊन सगळ्या टाइल्स ठोका. आमच्याकडे एक निघाली, फ्रिजच्या जागेवर, एका कोपऱ्यात बद्द. मिस्त्रीनं तीच उचलून पुन्हा बसवून दिली.

उरलेल्या तीन टाइल्स खोक्यासकट माळ्यावर ठेवल्या आहेत. खोक्यावर बॅच नंबर आहे, त्याचा फोटो नळ्यांच्या फोटोंबरोबर. नारळ मात्र आता बाल्कनीच्या उंबऱ्यावर फुटतो, तो जुना शहाबादी आम्ही मुद्दाम काढला नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विळी तीन जागी ठेवून पाहिली आणि चौथ्या जागी बसल्या. तिथे ऊन येतं.